पाच संघ पुरेसे, सहा अपुरे

ऑगस्ट २०२५ मध्ये स्लोव्हाकियातील डोल्नी कुबिन या गावी एक जागतिक स्पर्धा झाली. ज्यांना पाय नाहीत अथवा पायांत शक्ती नाही अशा स्त्रिया पोलादी पात्यांच्या स्लेजवर बसून, दोन्ही हातांत आखूड काठ्या घेऊन बर्फावर हॉकी खेळल्या. संघ सहा होते. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला हरविले. स्त्रियांच्या पॅरा आइस हॉकीची ही पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा. पुरुषांची पहिली स्पर्धा १९९६ साली स्वीडनमध्ये झाली होती. मधल्या एकोणतीस वर्षांचा हिशेब कोणीतरी मागितलाच पाहिजे.

आमच्या काही साथींना हा विषय परका वाटेल. बर्फ आपला नाही, खेळ सधन देशांचा. शेतमालाच्या भावाने आणि बेकारीने गांजलेल्या माणसाला त्याचे काय, असे ते विचारतील. आमचे उत्तर इतकेच की, दुबळ्याला दाराबाहेर ठेवताना प्रस्थापित व्यवस्था जी कारणे देते, ती सर्व येथे एका लहानशा मैदानावर आकड्यांनिशी उघडी पडली आहेत.

पहिले कारण असे की, दार उघडेच आहे. २०१० च्या व्हँकुव्हर पॅरालिंपिकपासून हा खेळ कागदोपत्री मिश्र आहे. संघात स्त्री असेल तर एक खेळाडू जादा नेण्याची सवलतही आहे. या औदार्याचे फळ काय? २०१० ते २०२२ या काळातील चार स्पर्धांत मिळून दोन स्त्रिया खेळल्या : २०१८ साली नॉर्वेची लेना श्र्योडर आणि २०२२ साली चीनची यू जिंग. त्याआधी १९९४ साली लिलेहामर येथे नॉर्वेकडूनच ब्रिट म्योसुंद ओयेन खेळली होती. म्हणजे आठ पॅरालिंपिकमध्ये तीन स्त्रिया आणि शेकडो पुरुष! हा खेळ दंडांच्या आणि खांद्यांच्या बळावर चालतो. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे त्यात नियमानेच मान्य आहे. धावण्याच्या शर्यतीत स्त्री-पुरुषांना एका रेषेवर उभे करून ‘शर्यत सर्वांना खुली आहे’ असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. येथे ते राजरोस केले जाते, आणि वर त्याला समता म्हटले जाते. त्या जादा जागेचा अर्थही नीट पाहावा. स्त्री घेतल्याने एकाही पुरुषाची जागा जाणार नाही, एवढीच हमी त्या सवलतीत आहे.

दुसरे कारण संख्येचे. स्वतंत्र स्पर्धा हवी असेल तर पुरेसे देश आणा, मग पाहू, असे स्त्रियांना सांगितले जाते. या युक्तिवादाची परीक्षा इतिहासानेच केलेली आहे. १९९४ साली लिलेहामर येथे हा खेळ पॅरालिंपिकमध्ये प्रथम आला, तेव्हा पुरुषांचे संघ किती होते? पाच! स्वीडन, नॉर्वे, कॅनडा, ग्रेट ब्रिटन आणि एस्टोनिया. अमेरिकेचा संघ त्यात नव्हता, आणि म्हणून कोणी स्पर्धा थांबवली नाही. सुदृढ स्त्रियांची आइस हॉकी १९९८ साली नागानो येथे ऑलिंपिकमध्ये आली ती सहा संघांनिशी. पाच पुरुषसंघ पुरतात, सुदृढ स्त्रियांचे सहा पुरतात. अपंग स्त्रियांचे सहा झाले की मात्र निकषांची आठवण होते. आता काळ बदलला, दर्जाच्या अपेक्षा वाढल्या, असेही सांगितले जाईल. पण वाढलेल्या अपेक्षांचे ओझे नेमके शेवटी आलेल्याच्याच डोक्यावर का? ज्या खेळाला पॅरालिंपिकचे स्थान नाही त्याला सरकारी पैसा नाही, पैसा नाही म्हणून संघ नाहीत, आणि संघ नाहीत म्हणून स्थान नाही. हे चक्र बाहेरून कोणी तरी मोडल्याशिवाय मोडत नसते. मार्च २०२६ च्या मिलान-कोर्टिना पॅरालिंपिकच्या कार्यक्रमातही स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा ठेवली गेली नाही.

(आम्ही ‘अपंग’ हा शब्द जाणूनबुजून वापरीत आहोत. ‘दिव्यांग’ म्हणून देवत्व बहाल करायचे आणि कचेरीच्या पायऱ्या तशाच ठेवायच्या, ही सोय आम्हाला मान्य नाही.)

या खेळाचा जन्म कसा झाला हे पाहिले म्हणजे आजच्या व्यवस्थापकांचा पवित्रा अधिकच हास्यास्पद ठरतो. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत स्टॉकहोममधील एका पुनर्वसन केंद्रातील काही माणसांना, पाय गेले तरी हॉकी सोडवेना. त्यांनी धातूच्या सांगाड्याला स्केटची दोन पाती बसवून स्लेज बनविली. गोल दांड्यांना सायकलच्या मुठी लावून काठ्या केल्या आणि गोठलेल्या तळ्यावर खेळ मांडला. १९६९ पर्यंत स्टॉकहोममध्ये पाच संघांची साखळी स्पर्धा उभी राहिली होती, आणि तीत अपंगांबरोबर सुदृढ माणसेही खेळत. कोणत्या समितीने त्यांना देशांची संख्या विचारली होती? आज त्याच खेळाची मालकी सांगणारे मात्र दाराशी वही घेऊन बसले आहेत.

पैशाचा प्रश्न टाळता येणार नाही. स्लेज खेळाडूच्या शरीराच्या मापाने घडवावी लागते, बर्फाच्या मैदानाचे भाडे तासावर मोजले जाते, प्रवास खर्चाचा. कॅनडा हा या खेळाचे माहेरघर म्हणवणारा देश. पण तेथील स्त्रियांचा संघ अनेक वर्षे एका स्वयंसेवी संस्थेने चालविला, आणि देशाचे नाव छातीवर मिरविणाऱ्या खेळाडूंनी खर्चाचा भार स्वतः उचलला. श्रीमंत देशात ही स्थिती, तर इतरांचे काय होत असेल! स्त्री आणि त्यातून अपंग म्हटल्यावर कौतुकाची भाषणे मुबलक मिळतात. मैदानाचे भाडे भाषणांनी फिटत नाही.

यावर उपाय कोणता, याचा धडा अमेरिकेतील सुदृढ खेळाडू स्त्रियांनी दिला आहे. मार्च २०१७ मध्ये मायदेशातच विश्वविजेतेपद स्पर्धा तोंडावर आली असता मोबदला आणि वागणूक यांच्या प्रश्नावर त्यांनी बहिष्कार पुकारला. महासंघाने बदली खेळाडू शोधून पाहिल्या. एकीमागून एक त्यांनी नकार दिला. स्पर्धेला अवघे काही दिवस उरले असताना महासंघाला करार करावा लागला. मग त्या बर्फावर उतरल्या आणि जिंकल्याही. संपफोड्या मिळाल्या नाहीत म्हणून हा लढा जिंकला गेला, हे कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. स्लेजवरील खेळाडूंच्या हाती मात्र हे हत्यार नाही. जिला स्पर्धेतच घेतलेले नाही तिने बहिष्कार कशावर घालावा? म्हणून त्यांच्या मागणीमागे इतरांनी उभे राहणे अगत्याचे आहे : सुदृढ खेळाडू स्त्रियांनी, अपंगांच्या संघटनांनी, आणि ज्या देशांत पुरुषांचा संघ सरकारी खर्चाने खेळतो तेथील पक्षांनी व कामगार संघटनांनीही.

२०२२ साली अमेरिकेतील ग्रीन बे येथे स्त्रियांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा अमेरिका, कॅनडा व ब्रिटन यांच्याखेरीज चौथा संघ ‘जागतिक संघ’ या नावाने उतरला होता. निरनिराळ्या देशांच्या खेळाडू एकत्र करून तो बांधलेला होता. आंतरराष्ट्रीयता आम्हाला प्रिय आहे. पण ही आंतरराष्ट्रीयता नाइलाजाची होती. त्या खेळाडूंच्या देशांतील महासंघांना आता एवढेच विचारावयाचे आहे की, पुरुषांच्या संघासाठी तुम्ही दरसाल किती खर्च करता, आणि तुमची ही खेळाडू दुसऱ्या कोणाच्या गणवेशात का खेळली?