एका पतंगाची दोन अरण्ये

मादागास्करचा सूर्यास्त पतंग दिवसा उडतो, त्याच्या मागच्या पंखांना शेपट्या असतात. त्यामुळे १७७३ मध्ये कीटकअभ्यासक ड्रू ड्र्यूरी यांनी त्याला फुलपाखरांत जमा केले, यात नवल नाही. काळ्या पंखांवरची त्याची हिरवी-तांबडी झळाळी रंगद्रव्याची नव्हे. वक्र खवल्यांच्या पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची आहे. ती पाहून ‘हे पर्जन्यवनाचे रत्न, तेवढे पर्जन्यवन राखा’ असे म्हणणे सोपे जाते. पण ते अपुरे आहे. त्याची अळी एरंडाच्या कुळातल्या ओम्फालिया या विषारी वनस्पतीवरच जगते. मादागास्करमध्ये तिच्या चार जाती. तीन पश्चिमेच्या पानझडी रानांत, एकच पूर्वेच्या सदाहरित पर्जन्यवनात. पश्चिमेकडे पाने झडली की अळ्यांना आधार पूर्वेचा, म्हणून पतंगांचे थवे बेट ओलांडतात.

कोणी म्हणेल, हा पतंग काही दुर्मीळ नाही, शिवाय शोभेच्या बाजारासाठी तो पाळलाही जातो. खरे आहे. पण पाळलेला पतंग स्थलांतर करत नाही, आणि आजची विपुलता दोन्ही रानांच्या भरवशावरच उभी आहे. शेतीसाठी जाळली जाणारी पश्चिमेची कोरडी राने (ती दिसायला रुक्षच, म्हणून छायाचित्रांत क्वचित येतात) गेली, तर अळीच्या चारपैकी तीन खाद्यवनस्पती जातील. संरक्षणाचा पैसा केवळ हिरव्यागार पूर्वेकडे वळवणे म्हणूनच चुकीचे आहे.