विपुल संख्यांमधील अंतर

१२ या संख्येचे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३, ४ आणि ६. त्यांची बेरीज १६. अशा विभाजकांची बेरीज मूळ संख्येहून अधिक भरली, की त्या संख्येस ‘विपुल’ म्हणतात. १२ ही सर्वांत लहान विपुल संख्या. त्यानंतर १८, २०, २४ असा क्रम लागतो.

या आरंभीच्या सर्व संख्या सम आहेत. ९४४ पर्यंत एकेक संख्या पडताळणाऱ्यास विषम संख्या विपुल असूच शकत नाही, असा भरवसा वाटला असता. ९४५ हा भरवसा मोडते. तिच्या विभाजकांची बेरीज ९७५ होते. दोन लागोपाठ विपुल संख्या तर ५७७५ व ५७७६ येथे प्रथम भेटतात. अशी सलग रांग हवी तेवढी लांब मिळते, हे पॉल एर्डिश यांनी १९३५ मध्ये सिद्ध केले.

मग दोन शेजारच्या विपुल संख्यांत अंतर अधिकात अधिक किती पडेल? ६ हून जास्त कधीच नाही. ६ च्या पटीतील कोणतीही संख्या घ्यावी. तिचा निम्मा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळून ती पुरती भरते. संख्या ६ हून मोठी असल्यास १ हा विभाजक शिल्लक राहतो आणि बेरीज मूळ संख्येस ओलांडते. म्हणजे १२ पासून ६ ची प्रत्येक पट विपुलच.

शेकडो नोंदी जुळल्या म्हणून पुढची जुळेलच, असे नाही. कारण हाती आले, की अनंतापर्यंतचा हिशेब एका ओळीत पक्का होतो.