ओल्या दिवसांसाठी कोरडी काडी



२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांच्या स्मरणातून जाणे कठीण आहे. काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठ सोडले. लोक झोपेत असतानाच अनेक वस्त्यांतील तळमजल्यांवर पाणी शिरले. काहींना प्राण गमवावे लागले, कित्येकांचा संसार चिखलात गेला. ते दिवस भाद्रपदातील दशलक्षण पर्वाचे होते. अनेक घरांत कोणाचे एकाशन, कोणाचा उपवास चालू होता.

अशा सकाळी स्वयंपाकघराची अवस्था काय होते, याचा विचार करावा. वीज नसते, म्हणून विजेची शेगडी निरुपयोगी ठरते. गॅसचा लायटर भिजला की ठिणगी पडत नाही. ओट्यावरची काडेपेटी तर भिजून लगदा झालेली असते. वरच्या मजल्यावर आश्रय घेतलेल्या कुटुंबाजवळ शेगडी आहे, पातेले आहे, पाणी गाळूनही ठेवले आहे. परंतु ते उकळणार कसे? घरात व्रतस्थ आजी आहेत, तान्हे बाळ आहे. पुराच्या दिवसांत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळण्याचा धोका असतो, तेव्हा उकळलेले पाणी हा केवळ व्रताचा विषय राहत नाही, तो आरोग्याचाही होतो. आणि सारे अडते ते एका काडीपाशी.

काडी पाण्याने का बिघडते, हे प्रथम समजून घेऊ. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट हे प्राणवायू पुरविणारे द्रव्य, गंधक, काचेची पूड आणि हे सारे बांधून ठेवणारा सरस असतो. पेटीच्या बाजूला असलेल्या तपकिरी पट्टीवर तांबडा फॉस्फरस असतो. दोहोंचे घर्षण झाले की ठिणगी पडते. पोटॅशियम क्लोरेट पाण्यात विरघळते आणि सरस ओलाव्याने मऊ पडतो. म्हणून एकदा भिजलेली काडी पुन्हा उन्हात वाळवली तरी तिचा भरवसा राहत नाही. उपाय एकच : पाणी गुलापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. त्यासाठी काडीवर मेणाचा पातळ थर द्यावा लागतो.

आता कोणते मेण, हा प्रश्न आपल्या घरांत महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ ठिकाणी मधमाश्यांचे मेण किंवा लाखेचे रोगण सुचविले जाते. पहिले पोळ्यातून काढलेले असते. दुसरे लाखेच्या किड्यांपासून मिळते आणि ते मिळविताना असंख्य किडे नष्ट होतात. मध वर्ज्य मानणाऱ्या घराने ही दोन्ही टाळावीत. नखांना लावण्याचा रंगही काही जण वापरतात, परंतु त्यातील द्रावक अत्यंत ज्वालाग्राही असते. यापेक्षा बाजारात मिळणारी साधी पांढरी मेणबत्ती उत्तम. ती बहुधा पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या मेणाची असते. एक गोष्ट मात्र प्रांजळपणे ध्यानात ठेवावी, की काडीच्या गुलातील सरस परंपरेने जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केला जात आला आहे. म्हणजे काडी ही मुळातच निर्दोष वस्तू नव्हे. तिचा वापर मोजकाच असावा, याला हेही एक कारण आहे.

कृती सोपी आहे. हे काम दिवसाउजेडी करावे, म्हणजे दिव्यावर येणारे किडे-पतंग गरम मेणात पडणार नाहीत. पातेल्यात पाणी उकळावे, मग गॅस बंद करून पातेले दुसऱ्या ठिकाणी न्यावे. मेणबत्तीचे तुकडे, वात काढून, स्टीलच्या कोरड्या वाटीत घालावेत आणि ती वाटी गरम पाण्यात ठेवावी. पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे तेवढी उष्णता पुरते. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. ते पेट घेऊ शकते. ज्योत आणि मेण यांची गाठ पडू न देणे, ही या कामातील मुख्य दक्षता.

पूर्ण कोरडी, नवी, लाकडी काडी घ्यावी. तिचे गुलाकडील अर्धे अंग क्षणभर मेणात बुडवून लगेच बाहेर काढावे आणि काडी आडवी धरून थर गोठू द्यावा. नंतर दुसरे टोक बुडवावे, कारण लाकूडही पाणी शोषून ते गुलापर्यंत नेते. थंड झाल्यावर गुलावर आणखी एक पातळ थर द्यावा. दहा-बारा काड्या पुष्कळ झाल्या. हे काम प्रौढांनीच करावे. मुलांनी शेजारी बसून पाहावे.

पट्टीला मेण लावता येत नाही. म्हणून पेटीची पट्टी कापून छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत निराळी बंद करावी. काड्या आणि ही पिशवी फिरकीच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी, डबीवर नाव लिहावे आणि ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच जागी, बॅटरीच्या शेजारी असावी. वापरण्यापूर्वी गुलावरचे मेण नखाने अलगद खरवडावे. तसे न केल्यास मेण पट्टीला चिकटून ती निकामी होते. पावसाळ्यापूर्वी एक काडी तासभर पाण्यात बुडवून, पुसून, खरवडून पेटवून पाहावी. पेटली नाही, तर बाकीच्यांना आणखी एक थर द्यावा. मुक्तागिरीच्या पावसाळी यात्रेत किंवा मुलांच्या शिबिरातही ही डबी उपयोगी पडेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे : पुरानंतर घरात पाऊल टाकताच काडी ओढू नये. पाण्याने सिलिंडर हललेला, नळी सुटलेली असू शकते. दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये, जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. वास आला तर रेग्युलेटर बंद करून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. उजेडासाठी बॅटरीच वापरावी. काडी फक्त चुलीसाठी.

कोणी विचारील, अग्निकाय हा स्थावर जीव मानणाऱ्या आपण अग्नी पेटविण्याची ही सिद्धता का करावी? शंका योग्य आहे. परंतु गृहस्थाचा आरंभ पूर्णपणे सुटत नाही. त्याच्या हाती असते ती मर्यादा. ओलसर पेटीतील सात काड्या झिजवून आठवी पेटविणे आणि एका काडीत काम भागविणे, यांत अंतर आहे. निष्कारण हिंसेला आपल्या आचार्यांनी अनर्थदंड म्हटले आहे, आणि वाया गेलेली प्रत्येक काडी त्याच खात्यात जमा होते. श्वेतांबर परंपरा ज्याला जयणा म्हणते, दिगंबर परंपरा ज्याला यत्नाचार म्हणते, तो केवळ सामायिकाच्या आसनावर पाळायचा नसतो. तो स्वयंपाकघराच्या फळीवरही दिसावा लागतो. संकटात गोंधळलेला मनुष्य अधिक हिंसा करतो, आधी सावध असलेला कमी करतो.

यंदाच्या चातुर्मासापूर्वी एका दुपारी घरातील सर्वांनी मिळून ही डबी भरावी, आणि शेजारी एकटे राहणारे वृद्ध असतील, तर एक डबी त्यांनाही द्यावी. तिची गरज कधीही न पडो, हीच भावना.

जय जिनेंद्र.