थांबेल, बहुतेक

शनिवारी दुपारी जेवण अंमळ जास्त झालं, म्हणून विकिपीडियावर भटकत बसलो होतो. (वीकेंडची आमची चैन ती हीच.) अंतराळवीरांची यादी चाळताना एका नावाशी अडकलो. तोक्तार आउबाकिरोव. मिग विमानांचा टेस्ट पायलट आणि कझाख वंशाचा पहिला अंतराळवीर. २ ऑक्टोबर १९९१ ला बैकानूरहून सोयूझमधून वर गेला, १० तारखेला परत आला. त्याला वर पाठवणारा देश त्याच डिसेंबरात संपला, पण तो विषय वेगळा. मला भुरळ पडली त्याच्या नावाची.

'तोक्ता' म्हणजे थांबणे. शेवटी 'र' लागला की भविष्यकाळ, तोही खात्रीचा नाही, अंदाजाचा. तोक्तार म्हणजे थांबेल, बहुतेक.

हे काय नाव झालं? डिक्शनरीपुरतं पाहिलं तर काहीच नाही. पण मुलं जगत नसतील त्या घरात पुढच्या मुलाला असं नाव ठेवायची तुर्की भाषा बोलणाऱ्या लोकांत जुनी रीत आहे. धातू घ्यायचा, प्रत्यय बदलायचा. उझबेक आणि उइघुर लोकांत तुर्सुन, तुर्कस्तानात दुर्सुन: राहू दे. दुर्मुश: राहिला. याशार: जगतो. १३८२ साली मॉस्को लुटणाऱ्या तोख्तामिश खानाचं नावही 'तोक्ता'चंच भावंड. तेव्हा 'थांबणे'च्या जागी आपलं 'टिकणे' घालून बघा, लगेच कळतं. टिकेल, बहुतेक. त्या 'बहुतेक'ला माझ्या तरी पोटात कालवलं.

कारण माझ्या वडिलांचं नाव दगडू. त्यांच्या आधीची दोन गेली, म्हणून आजीनं दगड म्हटलं. दगडाला कोण नेणार? २०१४ ला 'टाइमपास' आला तेव्हा मी अकरावीत. त्यातल्या हिरोचं नाव दगडू, आणि माझ्या हजेरीत बापाचं नाव पूर्ण छापलेलं. पुढचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. नंतर मी प्रत्येक फॉर्मवर नुसतं 'डी' लिहायला लागलो. ऑनसाइटच्या व्हिसाला पूर्ण नाव लागलं तेव्हा एचआरनं अर्थ विचारला. मी सांगितलं, 'स्ट्राँग'. च्यायला, अगदीच खोटं नव्हतं!

हल्ली टीममध्ये कुणाकडे पाळणा हलला की आधी नावाचं ॲप उघडतं. दोन अक्षरी हवं, युनिक हवं, संस्कृत वाटायला हवं, अर्थ 'तेज' नाहीतर 'किरण'. हौस आहे, करू देत. पण त्याच लोकांनी धोंडू, केरू, भिकाजी ऐकून हसावं हे मला पटत नाही. ती नावं अडाणीपणानं ठेवलेली नव्हती, पोर हातचं जाऊ नये म्हणून ठेवलेली होती.

अर्थात या रीतीचं कौतुक करताना मला एक गोष्ट टोचते. 'तुर्सुन'मधला तोच 'राहू दे'वाला प्रत्यय कझाख मुलींच्या 'उलबोल्सिन' नावात आहे. अर्थ: मुलगा होऊ दे. नाव पोरीचं, मागणी तिच्या भावाची! आणि आपण नाक मुरडायचं कारण नाही, २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ 'नकुशीं'ची नावं समारंभानं बदलावी लागली. मुलाच्या नावात 'राहा', मुलीच्या नावात 'नको'. दगडू अभिमानानं लिहावं, नकुशी बदलावंच, असं माझं मत. यात विसंगती आहे असं कुणाला वाटलं तर वाटो.

रात्री बाबांना फोनवर ही तोक्तारची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग, राहिला का तो?"

"राहिला की. अंतराळात जाऊन आला."

"बरं झालं," म्हणाले. मग नेहमीसारखं, जेवलास का.