झाकलेल्या कामाची किंमत

गेल्या आषाढात आमच्या घरी आईच्या खोलीत, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीच्या माथ्यावर, चहाच्या डागासारखे एक तपकिरी वलय उमटले. आठवड्याभरात ते परातीएवढे झाले, आणि पावसाची ओल असावी अशा समजुतीने आम्ही त्याकडे जी डोळेझाक केली ती किती चुकीची होती हे, मध्ये चार दिवस लख्ख ऊन पडूनही कोपऱ्यातली ठिबक थांबेना, तेव्हा आमच्या ध्यानात आले. ठिबकीखाली ठेवलेल्या पितळी पातेल्यात रात्रभरात दोन बोटे पाणी साठे. आईचे वय ८२. ती रात्री दोनदा उठून ते पातेले स्वतः रिकामे करी, कारण आम्हाला उठवणे तिला प्रशस्त वाटत नसे.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दांपत्य सुविद्य आहे, शेजारधर्म जाणणारे आहे. त्यांनी फाल्गुनात आपले न्हाणीघर नव्याने बांधून घेतले होते, आणि त्यात पैशाची कसर केली असे कोणीही म्हणू शकले नसते: भिंतींना इटालियन संगमरवर, छताला बसवलेला पावसासारखा शॉवर, जमिनीला न टेकणारा कमोड आणि भिंतीच्या पोटात दडवलेली त्याची टाकी. गळतीची वार्ता कळताच तो तरुण गृहस्थ स्वतः खाली आला, भिंतीची ओल हाताने चाचपून पाहिली, आणि "काका, सगळं फोडावं लागणार का हो?" एवढेच म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने मक्तेदाराचे अंदाजपत्रक मला वाचायला दिले. तीन पानांच्या त्या कागदात नळ, बेसिन, काचेचा पडदा, आरसा, टॉवेल टांगण्याची दांडी या प्रत्येक वस्तूचा क्रमांक, रंग व दर यांचा तपशील होता. परंतु ज्या कामावर ह्या सर्व ऐवजाची भिस्त, त्या जलरोधनाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या वॉटरप्रूफिंगची, स्वतंत्र बाबच त्यात नव्हती. 'गवंडीकाम, भराव व इतर, एकरकमी' अशा एका ओळीत ते सामावलेले होते.

ही त्या एका कुटुंबाची चूक नव्हे. पुण्या-मुंबईच्या, आणि अलीकडे नाशिक-नागपूरच्याही, संपन्न वस्त्यांत न्हाणीघराच्या नूतनीकरणासाठी आठ, दहा, वीस लाखांची तरतूद करणारी जी घरे मी पाहिली, त्यांतील बहुतेकांचे अंदाजपत्रक दुकानाच्या दालनात जन्माला येते, झगझगीत दिव्याखाली मांडलेल्या वस्तूंपासून सुरू होते, आणि फरशीच्या खाली व भिंतीच्या आत जे काही व्हायचे असते त्याच्या वाट्याला उरलेली शिल्लक येते. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा करावा. अंदाजपत्रक फरशीच्या खालून लिहायला घ्यावे आणि नळाच्या चकाकीपर्यंत सर्वांत शेवटी यावे.

ऐश्वर्याला माझा विरोध नाही, हे येथेच सांगून टाकतो. स्नानाला प्रतिष्ठा देणारा आपला समाज आहे. दिवाळीच्या पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान घालणाऱ्या घरांत तांब्याचा बंब आणि घंगाळ ही चीजवस्तू हौसेने घडवून घेतली जात असे, आणि पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीत ठोक्याच्या कामाने उजळलेल्या त्या भांड्यांचे मोल कोणी उधळपट्टी म्हणून मोजले नाही. परंतु त्या जुन्या न्हाणीत एक गुण होता: तिच्यात काहीही झाकलेले नव्हते. शहाबादी फरशीचा उतार डोळ्यांना दिसे. मोरीचे पाणी भिंतीतल्या भोकातून परसात, अळूच्या वाफ्यात, जाताना दिसे. फरशीचा सांधा सुटला तर तो दुसऱ्या दिवशी कळे आणि गवंडी येऊन चुन्या-सिमेंटने तो बुजवी. आजच्या उंची न्हाणीघराचे सौंदर्य नेमके ह्याच्या उलट तत्त्वावर उभे आहे. टाकी भिंतीत, नळ्या भिंतीत, गरम व गार पाणी मिसळणारे यंत्र भिंतीत, निचऱ्याची जाळीसुद्धा फरशीच्या तुकड्याखाली अदृश्य. आपण जो पैसा मोजतो त्याचा मोठा हिस्सा वस्तू लपवण्यासाठी असतो, आणि लपवलेली वस्तू बिघडली म्हणजे तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोणता व त्याची किंमत काय, हा प्रश्न अंदाजपत्रकाने विचारलेलाच नसतो.

थोडा हिशेब करून पाहू. न्हाणीघर ८ फूट बाय १० फूट आहे असे समजा. जमीन ८० चौरस फूट. भिंतींचा घेर ३६ फूट, आठ फुटांपर्यंत दगड लावायचा म्हटला तर २८८, त्यातून दार वजा जाता सुमारे २७०. एकूण ३५०, आणि कापाकापीतली दहा टक्के नासधूस धरून ३८५ चौरस फूट. दगडाचा दर चौरस फुटाला ६०० रुपये धरला तर २ लाख ३१ हजार रुपये झाले, आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे आणखी ४१ हजार ५८०. आता जलरोधन पाहा. जमिनीचे ८० चौरस फूट, चारही भिंतींवर फूटभर उंच चढवलेला थर म्हणून ३६, आणि शॉवरच्या कोपऱ्यातील चार-चार फुटी दोन भिंती सात फुटांपर्यंत नेल्यास त्यांचे वरचे ४८, बेरीज १६४. उत्तमोत्तम सामान व अनुभवी हात वापरून दर २०० रुपये पडला असे धरले तरी रक्कम होते ३२ हजार ८००, आणि करासह ३८ हजार ७०४. म्हणजे दगडावरच्या नुसत्या कराच्या रकमेत संपूर्ण न्हाणीघराचे जलरोधन होऊन वर काही शिल्लक राहते. असे असता काटकसरीची कात्री पहिल्याने ह्याच बाबीवर का चालावी, हे मला आजवर उमगलेले नाही. दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले 'जीएसटी वेगळा' हे दोन शब्दही वाचकांनी डोळसपणे वाचावेत. दहा लाखांच्या कामात ते दोन शब्द १ लाख ८० हजारांचे असतात.

फरशीखाली काय असते हे ज्याने एकदा उघडे पाहिले तो ते विसरत नाही. इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब आसपासच्या खोल्यांपेक्षा खाली सोडलेला असतो, कारागीर त्याला 'संकन' म्हणतात; त्या खड्ड्यातून निचऱ्याच्या नळ्या जातात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा हलका भराव घालून फरशी बसवली जाते. फरशीच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी ह्या भरावात महिनोन् महिने साठून राहते, आणि मग एका दिवशी खालच्या घरात वाट काढते. म्हणून पहिला थर खड्ड्याच्या तळाला, दुसरा भरावाच्या माथ्यावर, आणि तळाशी साठलेले पाणी बाहेर नेणारी एक स्वतंत्र बारीक नळी, अशी तजवीज हवी. ज्या भांड्यातून सारे पाणी निघते त्याला देशभरच्या प्लंबिंगच्या व्यवहारात 'नहाणी ट्रॅप' हेच नाव आहे. आपली न्हाणी त्या व्यवहारात कायमची जाऊन बसली आहे, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्या ट्रॅपकडे फरशीचा उतार मीटरमागे सेंटिमीटरभर तरी असावा. वरच्या घरी भराव उपसला तेव्हा ट्रॅपच्या गळ्याभोवतीच भेग सापडली; तेथे थर चढवलेलाच नव्हता.

पाण्याच्या दाबाचीही अशीच कथा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक बारचा दाब मिळतो, प्लंबर त्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतात. गच्चीवरच्या टाकीखालच्या शेवटच्या मजल्यावर, म्हणजे इमारतीतील बहुधा सर्वांत महाग घरात, ही उंची जेमतेम तीन-चार मीटर असते, आणि छताएवढा शॉवर तेथे नुसता पाझरतो. प्रेशर पंप, त्याची वीजजोडणी, त्याला ठेवायची जागा, हा खर्च शॉवर निवडण्यापूर्वी लिहायचा असतो. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर जगणाऱ्या उपनगरांत शॉवरची छिद्रे क्षारांनी बुजतात; तेथे पाणी मृदू करणारे यंत्र हवे.

संगमरवराविषयी एकच सांगतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा दगड आहे, आम्लाने त्याची कांती जाते, आणि आपल्याकडे काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढण्यासाठी शेवटच्या दिवशी 'अ‍ॅसिड मारण्याची' जी रीत आहे, ती दगडाला व नळांच्या क्रोम मुलाम्याला घातक ठरते. ज्याच्या घरी रोजच्या सफाईचे द्रव बदलणार नाहीत, त्याने मोरबीची उत्तम टाइल घ्यावी. ती घेताना एकाच बॅचचे दोन खोके जास्तीचे घेऊन माळ्यावर ठेवावेत; पाच वर्षांनी तीच छटा बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो.

कारागिरांच्या मजुरीकडे मी आता वळतो, कारण हौशी अंदाजपत्रकात सर्वाधिक घासाघीस येथे होते. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याच्या पट्टामुंडाई भागाने पिढ्यान् पिढ्या साऱ्या देशाला प्लंबर पुरवले आहेत. मुंबईच्या कित्येक उंच इमारतींच्या नळ्या त्या हातांनी जोडल्या. अशा माणसाच्या हाती आपण लाखांचा ऐवज सोपवतो आणि त्याच्या रोजंदारीत शंभर रुपये तोडतो, हे अन्यायाचे आहे आणि नुकसानीचेही. दगड कोरडा कापताना उडणारी सिलिकायुक्त भुकटी फुप्फुसे कायमची जायबंदी करते. पाणी सोडून कापणे आणि तोंडाला योग्य मुखपट्टी देणे याची रक्कम अंदाजपत्रकात लिहिलेली असावी, मुकादमाच्या मर्जीवर सोडलेली नसावी. मक्तेदाराच्या रकमेचा शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याचा करार जरूर करावा. परंतु मजुरांचा पगार त्या हिश्शात अडकता कामा नये.

नूतनीकरणात जुनी भिंत फोडल्यावर काय निघेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही: गंजलेली लोखंडी नळी, अर्थिंग नसलेली गिझरची तार, उघडी पडलेली सळई. सरकारी बांधकामाच्या अंदाजपत्रकातही आकस्मिक खर्चाची स्वतंत्र बाब असते. माझ्या मते घरच्या जुन्या न्हाणीघरासाठी ती एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाहून कमी नसावी, आणि तिला हात लावून आरसा मोठा करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. राडारोडा वाहून नेणे, सोसायटीची लेखी परवानगी व अनामत रक्कम, काम चाललेल्या दिवसांतली गैरसोय, ह्या किरकोळ वाटणाऱ्या बाबींचीही मिळून बेरीज मोठी होते. आणखी एक बाब मी आग्रहाने घालीन. घरात आज कोणी वृद्ध नसले तरी हाताला धरण्याच्या दांड्यांसाठी भिंतीत भक्कम आधार टाइल लावण्यापूर्वीच बसवावा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तो मागाहून नीट बसत नाही.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घरातल्या शौचालय, सिंक आदींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा दुरुस्तीखर्च संबंधित सभासदाने सोसायचा असतो. उपविधींनी हे बंधन घातले आहे, ते योग्यच आहे; पण बंधन अमलात येईपर्यंत खालच्या घरातले माणूस ओलीत झोपत असते. म्हणून न्हाणीघर मोठे करण्याच्या हौसेने ते खालच्या घराच्या कोरड्या खोलीवर कोणी आणू नये, आणि ज्याचे छत हाच आपल्या फरशीचा पाया आहे त्या शेजाऱ्याला काम सुरू होण्यापूर्वी बोलावून नकाशा दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

वरच्या घरी अखेर शॉवरखालची संगमरवरी फरशी आणि भिंतीचे दोन पट्टे फोडावे लागले. त्या जातीचा दगड पुन्हा मिळाला नाही, म्हणून तेथे साधी राखी टाइल लागली. या खेपेस जलरोधनाचे अंदाजपत्रक वेगळ्या कागदावर, थरांची संख्या, सामानाचे नाव आणि हमीची मुदत यांसह लिहून घेण्यात आले. थर वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून तेथे चार बोटे पाणी भरून ठेवले, त्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली, आणि तीन दिवस तो तरुण सकाळ-संध्याकाळ खाली येऊन आईच्या खोलीचे छत माझ्याबरोबर टॉर्चने पाहून जात होता. चौथ्या दिवशी सकाळी पाणी रेघेला लागूनच होते आणि छत कोरडे होते. त्यानंतरच फरशी बसवायला घेतली.