ठाण्याचे तिकीट

पालघरच्या माणसाला पूर्वी ठाण्याचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधी कलेक्टरची कचेरी ठाण्याला, जिल्हा परिषद ठाण्याला. "कुठे निघालात?" "ठाण्याला." हे उत्तर "बाजारात" म्हणण्याइतके साधे होते.

पण ह्याच शब्दाला आपण दुसराही एक अर्थ चिकटवून ठेवला आहे. १९०१ साली सुरू झालेले मनोरुग्णालय ठाण्यात आहे. तेव्हा कुणी थोडा विचित्र वागला की, "याचे ठाण्याचे तिकीट काढा रे!" म्हणायचे आणि हसायचे. पुण्याकडे हाच मान येरवड्याला. बोईसरला कारखान्यांमुळे उत्तरेकडची मंडळी पुष्कळ, त्यांचे हेच काम आग्रा करते. गाव बदलते, विनोद तोच!

मीही त्याच विनोदी मंडळींतला. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सकाळच्या गाडीने बोईसरला निघालो होतो. बोनसच्या गप्पा रंगल्या होत्या. एकाने काहीतरी अचाट हिशेब मांडला. मी म्हटले, "अहो, याला ठाण्याचे तिकीट काढून द्या!" डबा हसला. समोर बसलेले आमचे शेजारी मात्र हसले नाहीत. उमरोळी येताच ते उठले आणि उतरून पुढच्या डब्यात जाऊन बसले.

पाडव्याला फराळाचे ताट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते घरी नव्हते. वहिनींनी पाट मांडला, चहा दिला आणि मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यावर राग नाही हो. पण त्या एका शब्दापायी दीड वर्ष आम्ही पोराला घरात बसवून ठेवलं."

मुलगा बोईसरच्या एका कारखान्यात लागलेला. त्याला कुणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, तो कोणाशी बोलेना. "भगताकडे नेलं, गंडेदोरे केले. ठाण्याला तेवढं नेलं नाही. लोक काय म्हणतील! पूर्वी कचेरीचं काम आहे म्हणून तरी सांगता आलं असतं. आता कचेरी इथंच आली, ती सबबही गेली!" असे म्हणून त्या हसल्या, पण ते हसणे मला ऐकवेना.

शेवटी एकदा मनोरच्या रस्त्याने ते ठाण्याला गेले. "मला वाटलं, साखळ्या असतील, गज असतील. तिथं केसपेपर काढला, डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, औषध दिलं आणि संध्याकाळी आम्ही घरी. ठेवूनसुद्धा घेतलं नाही."

मुलाला उतार पडला, तो कामावर रुजू झाला. पण बातमी त्याच्याआधी पोचली होती. तिथे त्याचे नाव पडले 'ठाणेकर'. आता दुपारची गोळी डब्यातल्या मंडळींसमोर कशी घ्यायची, म्हणून तो ती चुकवतो. आणि औषध असे मध्येच चुकवले की हा आजार पुन्हा उलटण्याची भीती असते, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

घरी परतताना मनात आले, कॅन्सरच्या रोग्याला परळच्या टाटा इस्पितळात न्यायचे म्हटले तर आपण आवाज खाली आणतो, "काही लागलं तर सांगा" म्हणतो. मग ठाण्याचेच नाव आपल्याला हसण्यासाठी का सापडावे? बरे करण्याच्या जागेची आपण शिवी करून टाकली, आणि वर विचारतो, "वेळेवर का नाही नेलंत?"

मराठीतला 'वेडा' हा शब्द मुळात दुष्ट नाही. आई लेकराला "वेडा रे वेडा" म्हणते, गाण्याचे वेड असते, ध्येयवेड्यांचे तर आपण पुतळे उभारतो. शब्दाला हद्दपार करा असे मी म्हणत नाही. पण मधुमेह झालेल्याला मधुमेह 'झाला आहे' असे आपण म्हणतो. मनाचा आजार झालेला मात्र सबंध माणूसच वेडा 'असतो'. एका शब्दात त्याचे नाव, शिक्षण, नोकरी सारे पुसून जाते.

कायद्याने तरी भाषा सुधारली. १९१२ च्या कायद्यात अशा माणसाला 'ल्युनॅटिक' म्हटले होते, म्हणजे चंद्राच्या कलेने बिघडलेला! १९८७ च्या कायद्याने तो शब्द टाकला. २०१७ च्या कायद्याने तर अपमान न होता उपचार मिळणे हा रोग्याचा हक्क ठरवला. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारी खर्चाने फोनवर सल्लाही मिळतो. पण गाडीच्या डब्यात कोणता कायदा चालणार? तिथे आपल्याच जिभेचा अंमल.

यंदा पुन्हा दिवाळी आली. परवा गाडीत कुणीतरी तोच विनोद केला. मी म्हटले, "अहो, तिथे माणसे बरी होतात. थट्टा कशाला?" क्षणभर सगळे गप्प झाले, मग बोलणे बोनसवर गेले.

शेजारी अजून पुढच्याच डब्यात बसतात. मी त्यांच्यासाठी रोज खिडकीजवळची जागा धरून ठेवतो.