कालचा पाव, आजचा थाट

फ्रेंच टोस्टसारख्या न्याहारीच्या पदार्थासाठी धर्मगुरूने लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना हसू येईल. खुशाल यावे. पुनरुत्थान सणानंतरच्या सोमवारी एका घरी न्याहारीचे निमंत्रण होते. बशीत जाडजूड, सोनेरी, आतून मऊ असा फ्रेंच टोस्ट आला. तो उत्तम होता, हे आधीच कबूल करतो. ‘फादर, मुद्दाम ब्रिओश आणलाय, आज सकाळचा ताजा,’ गृहिणी कौतुकाने म्हणाली. हात धुवायला मोरीकडे गेलो, तर तिथल्या बादलीत आदल्या दिवशीच्या सणाचा अर्धाअधिक अंड्याचा पाव टाकलेला दिसला. एकाच स्वयंपाकघरात कालचा पाव कचऱ्यात आणि त्याच्याच नावाने जन्मलेल्या पदार्थासाठी नवा पाव कढईत! त्या माउलीवर माझा राग नाही. राग आहे तो चांगल्या पदार्थाला ताजाच पाव लागतो, या नव्या समजुतीवर.

फ्रेंच लोक या पदार्थाला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात. म्हणजे गमावलेला पाव. जर्मन भाषेत त्याचे नाव ‘गरीब सरदार’ असे आहे. पोर्तुगालमध्ये नाताळात होणाऱ्या ‘राबानादा’ आणि स्पेनमध्ये प्रायश्चित्तकाळात व पवित्र आठवड्यात होणाऱ्या ‘तोर्रिखा’ याच कुळातल्या. एपिसियसच्या नावावर असलेल्या प्राचीन रोमन पाकग्रंथातही पांढऱ्या पावाचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध घालण्याची कृती आहे. त्यात अंडे नाही, हे विशेष. देश बदलले, नावे बदलली, अंडे मागाहून आले; पण फ्रेंचांनी दिलेले नाव आजही सांगते की हा पदार्थ हातचा जाऊ पाहणाऱ्या पावासाठी आहे. त्यासाठी ताजा पाव विकत आणणे म्हणजे ठिगळ लावायला नवे लुगडे फाडणे होय.

आमचे काही सुशिक्षित बांधव यावर म्हणतील, ‘फादर, साध्या पावाला ती चव नाही.’ बरोबर आहे. अंड्याच्या पावाची थोरवी मी नाकारीत नाही. ब्रिओशमध्ये अंडी आणि भरपूर लोणी असते; कित्येक कृतींत मैद्याच्या निम्म्या वजनाइतके. यहुदी बांधवांचा ‘हल्ला’ (नाव ऐकून कोणी दचकू नये) अंडी व तेल घालून, वेणीसारखा गुंफून भाजतात. मांसाबरोबर दुधाचे पदार्थ त्यांना वर्ज्य असल्याने त्यात सहसा दूध-लोणी नसते. शब्बाथाच्या मेजावर असे दोन पाव ठेवतात, कारण वाळवंटात शब्बाथाच्या आदल्या दिवशी मान्ना दुप्पट मिळत असे. पण हा सणाचा पाव आहे, हे विसरू नये. आधी तो मेजावर आशीर्वादासह मोडला जातो. उरलेल्याचा रविवारी सकाळी फ्रेंच टोस्ट होतो. अमेरिकेतल्या असंख्य यहुदी घरांत हाच क्रम आहे. आपण मात्र त्याचे पहिले जेवण रद्द करून त्याला थेट दुसऱ्यावर बसवतो.

शास्त्रही माझ्याच बाजूने आहे. पाव शिळा होतो म्हणजे केवळ वाळतो असे नाही. भाजताना फुललेल्या पिष्टाचे कण पुन्हा घट्ट बसू लागतात. फ्रिजमध्ये ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून पाव ठेवायचाच तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. ताजा अंड्याचा पाव इतका नाजूक असतो की मिश्रण पिताच मोडतो. एक-दोन दिवसांचा पाव तेवढेच मिश्रण पिऊन ताठ उभा राहतो.

करायचे तर असे करावे. बोटभर जाडीचे तुकडे कापावेत. पातळ केले तर अंड्याची पोळीच होते. 4 अंडी, कपभर दूध, चमचाभर साखर, चिमूट मीठ आणि थोडी दालचिनी किंवा जायफळ एकत्र फेटावे. प्रत्येक बाजू एक-दोन मिनिटे भिजू द्यावी. नुसते लोणी करपते, म्हणून आपले घरचे तूप उत्तम. आच मंद ठेवावी, नाहीतर बाहेर रंग येतो आणि मध्ये अंडे कच्चे राहते. एक इशारा मात्र द्यायला हवा: पावसाळ्यात आपल्याकडे पावाला लवकर बुरशी येते. बुरशीचा पाव डाग कापून वापरू नये, सरळ टाकावा. काटकसर म्हणजे आजारपणाला आमंत्रण नव्हे.

दुसऱ्या बाजूचे काही भाविकही माझ्यावर रुसतील. प्रायश्चित्तकाळात अंडी-दुधाचा असा थाट शोभतो का, असे ते विचारतील. मध्ययुगात त्या काळात अंडी व दूधही निषिद्ध होते, हे खरे. पण 1917 च्या धर्मविधानसंहितेने मांसवर्ज्याच्या दिवशी अंडी व दुधाचे पदार्थ स्पष्टपणे मोकळे ठेवले. स्पेनमधल्या बायकांनी शिळा पाव आणि घरची अंडी यांतून उपासाच्या दिवसांत घरादाराचे पोट भरले असेल, तर त्यांना दोष देणारे आपण कोण?

‘पाव नाही तर ब्रिओश खा’ हे वाक्य राणी मारी आंत्वानेतच्या माथी मारले जाते. वास्तविक रूसोने एका थोर राजकन्येच्या तोंडी ते घातले तेव्हा मारी आंत्वानेत फ्रान्सला आलीही नव्हती. ती आली 1770 मध्ये. बिचारीवर उगाच आळ. पण कालचा पाव टाकून आज ब्रिओश आणणाऱ्या आपल्यावर तो आळ कसा पुसावा?

योहानच्या शुभवर्तमानात 5 हजारांचे जेवण झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, आणि 12 टोपल्या भरल्या. ते पाव जवाचे होते, गरिबाचे. ज्याने इतके पाव वाढवले त्याला उरलेल्याची काय पडली होती, असा प्रश्न मला सेमिनरीत पडला होता. आता पडत नाही. आमच्या धर्मग्रामगृहाच्या स्वयंपाकघरात त्या सोमवारपासून पत्र्याचा एक डबा ठेवला आहे. उरलेला पाव त्यात जातो, आणि बुधवारी सकाळी मी स्वतः तव्यापुढे उभा राहतो. पहिले दोन आठवडे सगळे तुकडे करपले.